‘कसंतरी होतंय’ याच्या पुढचा शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, घर मराठवाड्यात, नोकरी पुण्यात, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा, तीही बरेचदा घरूनच. महिन्या-पंधरवड्यातून दोन-तीन दिवस असे येतात की ‘कसंतरी होतं’. ताप नाही, काही दुखत नाही, कुणाशी भांडण नाही. पण कशात मन लागत नाही आणि कुणी साधं काही बोललं तरी अंगावर आल्यासारखं वाटतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मागच्या खेपेला तर तुम्ही राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलात, फक्त पाठवला नाहीत. यातून चटकन बाहेर यायला काही साधे उपाय आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

आहेत. मी सव्वीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवतो. सर्दी-खोकल्यानंतर माझ्या टेबलापलीकडून सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच: ‘डॉक्टर, काय होतंय ते सांगता येत नाही, पण कसंतरी होतंय.’ कॉलेजात या तक्रारीवर धडा नव्हता. सुरुवातीची काही वर्षं मी अशा पेशंटला टॉनिक लिहून द्यायचो. त्याला बरं वाटायचं, मलाही बरं वाटायचं, आणि महिन्याने तो परत यायचा.

आधी एक कबुली. तुम्हाला समोर न बघता हे लिहितोय. शिफ्ट किती वर्षं चालू आहे, पाळी कशी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, फ्लॅटवर सोबत कोण आहे, यावर उत्तर बदलतं. तेव्हा हे सगळं जसंच्या तसं स्वतःला लावू नका.

खरी अडचण ‘कसंतरी होणं’ ही नाही, असं मला वाटतं. ते सगळ्यांनाच होतं. अडचण ही की त्या दिवशी आपण कारण शोधायला बसतो. शरीर कुरकुरतं आणि मन त्याचं कारण शोधून आणतं, हाताशी जे सापडेल ते. तुमच्या हाताशी नोकरी आहे, म्हणून राजीनामा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या हाताशी सासू असते, निवृत्त झालेल्यांच्या हाताशी मुलगा. कारण खोटं असतं असं नाही. पण ते कालही होतं आणि काल तुम्ही व्यवस्थित होतात.

म्हणून मी पेशंटला ‘का’ विचारत नाही. मी म्हणतो, ‘कसंतरी’ सोडून दुसरा शब्द सांगा. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची ददात नाही. लोक थोडं थांबतात आणि मग सांगतात: गळून गेल्यासारखं झालंय. डोकं भणभणतंय. करमत नाही. नाहीतर, सगळं नकोसं झालंय. या चारांची औषधं चार आहेत, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर उलटंच होतं.

‘गळून गेल्यासारखं’ म्हणणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारतो. काल किती वाजता झोपलात? आज सकाळपासून काय खाल्लंत? अंगाला शेवटचं ऊन कधी लागलं? तुमच्यासारख्या शिफ्टवाल्यांची उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. अकराला काम संपतं, साडेअकराला लॅपटॉप मिटतो, बाराला जेवण, मग मोबाइल हातात आणि दोन वाजतात. सकाळी दहाला जाग, चहा आणि टोस्ट, एकला आंघोळ, दोनला लॉगिन. ऊन? खिडकीच्या पडद्यातून आलं तेवढं.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, आपलं आतलं घड्याळ असतं. जेमतेम वीस हजार पेशींचा ठिपका. गंमत अशी की हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. बहुतेकांचं ते दहाएक मिनिटं जास्त चालतं. म्हणजे जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखं ते रोज थोडं मागे पडतं आणि रोज लावावं लागतं. ते लावायचं काम सकाळचा उजेड करतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार, आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्यांना घरातही लख्ख वाटतं, त्यामुळे फसायला होतं. घड्याळाला मात्र ते संध्याकाळसारखंच वाटतं.

त्यात शनिवार-रविवारी बारापर्यंत झोपायचं. म्हणजे दर शनिवारी दुबईला जायचं आणि सोमवारी परत यायचं, फक्त विमानाशिवाय. सोमवार-मंगळवारी कसंतरी होईल नाहीतर काय?

पहाटे पाचला उठा असं मी सांगणार नाही. रात्री अकराला ज्याचं काम संपतं त्याला ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगणं ही थट्टा आहे. तुमच्या शिफ्टला रात्री एक ते सकाळी साडेआठ हे गणित बसतं. झोपायची वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल, उठायची मात्र एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर अर्ध्या तासात वीस मिनिटं बाहेर. व्यायाम म्हणून नको, नाहीतर दोन दिवसांत बंद पडेल. दूध आणायला, कोथिंबीर आणायला, कशालाही. गॉगल न लावता. पावसाळ्यात छत्री घेऊन.

पण तुम्हाला विचारायचंय की कसंतरी होतंय त्याच दिवशी काय करायचं. आधी जेवा. चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. गोडाने तरतरी येते ही समजूत इतकी पक्की आहे की मीही वर्षानुवर्षं दुपारी चारला क्रीमची बिस्किटं खात आलोय. १९८७ साली रॉबर्ट थेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गोड खाऊ आणि दहा मिनिटांचं झपझप चालणं यांची तुलना केली होती. चालल्यावर लोकांना जास्त वेळ ताजंतवानं वाटलं. गोड खाणाऱ्यांना आधी जरा बरं वाटलं, पण तासाभराने थकवा आणि तगमग वाढली. बिस्किटांचा पुडा अजूनही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, ते सोडा. तुम्ही मात्र वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठलं, जे पटकन होईल ते गरम आणि पोटभर खा, आणि मग दहा मिनिटं चाला.

चहा-कॉफीचं एक गणित लक्षात ठेवा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळजवळ दुप्पट. शिफ्टमध्ये रात्री नऊला घेतलेली कॉफी तुमच्यासोबत अंथरुणात येते. शेवटचा कप पाच-साडेपाचला. दुपारी फारच डुलकी आली तर वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हा. तासभर झोपलात तर उठल्यावर आधीपेक्षा बधिर वाटेल, आणि रात्रीची झोप जाईल ती वेगळीच.

आता ‘डोकं भणभणतंय’. हे वेगळं प्रकरण आहे. इथे थकवा नाही, गर्दी आहे. दिवसभर तीन विंडो उघड्या, चॅटचा टिंग-टिंग, वर कुणाचा तरी ‘क्विक कॉल’. अशा माणसाला ‘जरा पडून राहा’ म्हटलं की तो मोबाइल घेऊन पडतो आणि गर्दी वाढते. याला विश्रांती नव्हे, संथपणा हवा असतो.

सर्वांत स्वस्त उपाय श्वास. नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, म्हणून बाहेरचा श्वास लांब. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये एक छान निरीक्षण मांडलं होतं: लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणताना लोकांचा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो. ते वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली दिवेलागणीची वेळ आठवली. आजी एका श्वासात हरिपाठाचं एक चरण ओढायची आणि आम्हाला दम पुरायचा नाही. मी श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, श्वासाबद्दल बोलतोय. ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा येतो त्यांना मी सरळ सांगतो, पाठ असेल ते संथ चालीत मोठ्याने म्हणा.

गरगरलं तर तुम्ही फार जोर लावताय, श्वास हलका करा. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की आणखीच घाबरं होतं. त्यांनी हे करूच नये. गार पाण्याने तोंड, कान, मनगटं धुवावीत आणि हाताला काम द्यावं.

हाताला काम म्हणजे काय, ते माझ्यावरून सांगतो. रविवारी सकाळी दवाखाना नसतो आणि साधारण दहाच्या सुमाराला माझं डोकं फिरतं. आठवडाभर ऐकलेलं सगळं तेव्हा वर येत असावं. पूर्वी मी उगाच मुलांवर खेकसायचो. बायकोने एकदा काही न बोलता माझ्यापुढे वर्तमानपत्र अंथरलं आणि मेथीच्या दोन जुड्या टाकल्या. मेथी निवडताना घाई करता येत नाही. मुळांना माती असते, ती बोटांना लागते. जून दांडी खुडताना आवाज येतो, कोवळी नुसतीच वाकते. पिवळं पान दिसलं की हात आपोआप थांबतो. पाऊण तासाने एका बाजूला पानांचा ढीग, दुसऱ्या बाजूला काड्यांचा, आणि मला कळलं की मी बराच वेळ कुणाशी मनातल्या मनात भांडलेलो नाही. आता दर रविवारी पालेभाजी माझ्याकडेच असते. बायकोने यात स्वतःचं काम किती हलकं केलं, तो हिशेब मी मागत नाही.

असं काम निवडताना तीन गोष्टी बघा: हाताने करायचं, तासाभरात संपणारं, आणि संपल्यावर डोळ्यांना दिसणारं. गॅसची शेगडी घासणं चालेल. कपाटाचा एक खण चालेल, अख्खं कपाट नको. ते अर्धवट राहिलं की नवं दुःख.

‘करमत नाही’ हा शब्द मला फार आवडतो, कारण तो माणूस, गाव किंवा घर मागतो. तो मनातून आला असेल तर चालणं, श्वास, मेथी, सगळं अपुरं पडतं. तुम्ही गाव सोडून शहरात एकट्या आहात आणि ऑफिसचं सगळं बोलणं टाइप करून होतं. दिवस संपतो आणि लक्षात येतं की आज आवाज काढून आपण फक्त डिलिव्हरीवाल्याशी बोललो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लहान मुलींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलींना आधी थोडा ताण दिला, मग काहींचा आईशी बोलून संपर्क झाला, काहींचा चॅटवर. आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमधलं ताणाचं संप्रेरक उतरलं. चॅटवाल्या मुली आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारख्याच राहिल्या. एकोणतिसाव्या वर्षीही हे पुष्कळसं तसंच असतं, हे माझं दवाखान्यातलं मत.

तेव्हा फोन करा, मेसेज नको. पण आईला फोन लावून ‘मला कसंतरी होतंय’ म्हणू नका, ती रात्रभर डोळ्याला डोळा लावणार नाही. येसराला काय काय भाजतेस, ते विचारा. ती पंधरा मिनिटं बोलेल, मध्येच शेजारच्यांच्या लग्नाचं सांगेल, तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणा. ज्यांची आई नाही, किंवा आई म्हणजेच ताण आहे, त्यांनी मावशी, आत्या, जुनी रूममेट, कुणीही चालेल. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणासोबत बसून जेवा. ऑफिसला जायचे जे दिवस असतात ते टाळू नका, डबा तिथे चौघांत उघडा.

चौथा शब्द ‘नकोसं’. इथे मी खुर्ची पुढे ओढतो. दोन-तीन दिवसांचं नकोसं वेगळं. पण दोन आठवडे झाले, रोज जवळपास दिवसभर उदास वाटतंय, पूर्वी आवडायचं त्यात काही वाटत नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही, भूक गेलीय, ‘आपण नसतो तर बरं’ असं मनात येतंय, तर हे मूड जाण्याचं प्रकरण नव्हे. नैराश्याला उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. लाज वाटायचं काही कारण नाही, मी स्वतः किती पेशंटना समोर बसवून तो नंबर लावून दिलाय.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाच्या मध्ये कुठेतरी आहात असं मला वाटतं. चुकत असेन. शब्द तुमचा तुम्ही ठरवा.

आता ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल’ याबद्दल. यात माझी एक जुनी चूक सांगतो. पस्तिशीतली एक बाई दोन-तीन महिने अशीच तक्रार घेऊन येत होती. घरात खूप काम, म्हणून मी तिला सांगायचो, जरा घराबाहेर पडत जा, मैत्रिणींना भेट. ती बिचारी खरंच पडायची. एके दिवशी ती म्हणाली, ‘उन्हाळा आहे तरी मला पंखा सोसत नाही,’ आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थायरॉइड तपासलं तर टीएसएच कितीतरी वर. एका छोट्या गोळीचं काम होतं आणि मी तिला मैत्रिणींकडे पाठवत बसलो होतो.

म्हणून रिपोर्टचा कागद पुन्हा काढा आणि त्यात काय काय आहे ते बघा. हिमोग्लोबिन आहे? बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं तर रक्त कमी धरतात. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, तो फेरिटिनवरून कळतो, आणि नेहमीच्या तपासणीत फेरिटिन बहुतेक वेळा नसतंच. टीएसएच आहे? बी-१२ आहे? तुम्ही शाकाहारी असाल तर हे नक्की बघा, कारण हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. यांतलं काही राहिलं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि मग मेथी निवडा. पावसाळ्यात हे अचानक सुरू झालं असेल तर थर्मामीटरही लावा. ‘कसंतरी’ म्हणून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेला, असं दर जुलै-ऑगस्टमध्ये मी बघतो.

शेवटचं काम कालनिर्णयवर. तुमच्या फ्लॅटच्या भिंतीवर नसेल तर आणा. घरोघरी त्यावर दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असतेच, तसं ज्या दिवशी कसंतरी होतं त्या चौकटीत पेनाने एक फुली मारा आणि बाजूला तो शब्द लिहा: गळून, भणभण, करमेना, नकोसं. पाळीची तारीखही गोल करून ठेवा. दोन-तीन महिन्यांत बहुधा काहीतरी दिसायला लागतं. फुल्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडतात? मग स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचं, त्यावर उपाय आहेत. सगळ्या सोमवार-मंगळवारी आहेत? मग दुबई बंद. गावाहून परत आल्यानंतरच्या चार दिवसांत आहेत? मग तो तिसरा शब्द आहे आणि त्याला लाजायचं कारण नाही. आणि कशातच काही संगती नसली तर तेच पान घेऊन डॉक्टरकडे जा. ‘मला कधीकधी कसंतरी होतं’ यापेक्षा आम्हाला त्या पानावरून खूप जास्त कळतं.

पुढच्या खेपेला तो दिवस उगवला की क्रम असा ठेवा: आधी जेवण, मग उजेडात दहा मिनिटं चालणं, मग शब्द ठरवणं, आणि शब्दाप्रमाणे पुढचं. तोवर नोकरी, लग्न, पैसा, भांडण यांतला कुठलाही निर्णय नको. राजीनाम्याचा तो मेल खोडू नका. कदाचित नोकरी खरंच सोडण्यासारखी असेल, ते मी इथून कसं सांगणार? तो ड्राफ्टमध्येच राहू द्या. कॅलेंडरवर सलग आठ दिवस फुली नसेल तेव्हा, सकाळी फिरून आल्यावर, पोटात काहीतरी टाकून तो पुन्हा उघडा आणि वाचा. तेव्हाही पाठवावासा वाटला तर पाठवा.